घाम थांबवणारी सुई: घ्यावी की न घ्यावी?



आपल्या पेडणे आणि डिचोली महालांत घामाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. वैशाखात काजूच्या भाटात बोंडे वेचताना, सरदाची कापणी करताना, हरमलच्या मिरचीला पाणी घालताना अंगरखा पिळून काढावा इतका घाम येतो. तो आला म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही, आणि जाऊही नये.

परंतु काहींचा घाम निराळा असतो. थंडीच्या पहाटे, सावलीत स्वस्थ बसले असतानाही त्यांच्या तळहातांतून पाणी ठिबकते. परीक्षेचा कागद भिजतो. कोयत्याची मूठ निसटते. कोणाशी हात मिळवायची वेळ आली की मुलगा हात पाठीमागे लपवतो. लग्नाच्या वयाची मुलगी काखेतील ओल दिसू नये म्हणून उन्हाळ्यातही जाड कपडा घालते. अशा तरुण मंडळींना हल्ली कोणीतरी सांगतो, “सुई टोचून घे, घाम बंद होतो.” ही गोष्ट खरी काय? आणि सुई निर्धोक काय? आज याचाच विचार करू.

१. घाम कशासाठी?

आपल्या कातडीत सुमारे 20 ते 40 लाख घर्मग्रंथी आहेत. ऊन आणि श्रम यांनी अंग तापले की त्या पाणी सोडतात, ते पाणी वाळताना अंगातील उष्णता घेऊन जाते. कडक उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घामही जाऊ शकतो. हा घाम आपला राखणदार आहे. तो अडवायचा नसतो, त्याची भरपाई करायची असते. मीठ घातलेली पेज, शहाळ्याचे पाणी आणि दुपारी झाडाखाली विसावा, ही ती भरपाई.

घर्मग्रंथीला “पाणी सोड” असा निरोप मज्जातंतूकडून येतो. तो निरोप नेणाऱ्या द्रव्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन. आपण त्याला निरोप्या म्हणू. हा निरोप्या नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

२. कोणता घाम कोणत्या जातीचा?

पहिली जात म्हणजे जन्मजात प्रवृत्तीचा घाम. तो तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा एवढ्याच जागी येतो. दोन्ही बाजूंना सारखा येतो. बहुधा लहानपणी किंवा वयात येताना, पंचविशीच्या आत सुरू होतो. घरात आणखी कोणाला तो असतो. आणि मुख्य खूण ही, की माणूस झोपला की तो थांबतो. हा त्रास जिवावर बेतणारा नाही, पण माणसाला खजील करणारा आहे. त्याची चेष्टा करू नये. “मनाचा कमकुवत आहे” असेही म्हणू नये. ग्रंथी चांगल्याच असतात, फक्त त्यांना निरोप वाजवीपेक्षा जास्त जातो.

दुसरी जात म्हणजे आतील आजारामुळे येणारा घाम. रात्री अंथरूण भिजवणारा घाम, बारीक ताप, खोकला आणि उतरणारे वजन असेल तर क्षयाची तपासणी करावी. थंडी वाजून ताप, मग घाम, असे असेल तर हिवतापासाठी रक्त तपासावे. थायरॉइडच्या गाठीचा दोष, पाळी जाण्याचे वय, काही औषधे यांनीही घाम वाढतो. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याला एकाएकी गार घाम आणि कापरे भरले तर रक्तातील साखर उतरली असण्याचा संभव असतो. तो शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरपाणी द्यावे. छातीत दुखून गार घाम सुटला तर उशीर न करता 108 ची गाडी बोलवावी. येथे घाम हा निरोप आहे. निरोप बंद केला म्हणून आजार बरा होत नाही.

तिसरी जात शेतकऱ्याची खास आहे. तिच्याविषयी शेवटी लिहितो.

३. सुईत असते तरी काय?

ही सुई बोटुलिनम विषाची असते. तिच्या एका प्रसिद्ध छापाचे नाव बोटॉक्स. विष हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे. हे विष एक जंतू तयार करतो. नीट न टिकवलेल्या, हवाबंद राहिलेल्या अन्नात तो वाढतो. जर्मनीच्या वुर्टेम्बर्ग प्रांतात 1820 च्या सुमारास सॉसेज खाऊन माणसे मरत होती. तेथील युस्टिनुस केर्नर या डॉक्टराने त्या रोग्यांची बारकाईने नोंद केली. त्यांचे तोंड आणि कातडी कोरडी पडते, घाम थांबतो, असे त्याला दिसले, आणि अगदी थोड्या मात्रेत या विषाचे औषध होईल, असा अंदाजही त्याने बांधला. लॅटिनमध्ये सॉसेजला बोटुलुस म्हणतात, त्यावरून विषाचे नाव पडले. पुढे 1895 मध्ये बेल्जियममधील एका गावी मर्तिकाच्या वेळी वाजवायला आलेले वादक खारवलेले डुकराचे मांस खाऊन आजारी पडले आणि तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हा जंतू शोधून काढला.

आपल्या घरच्या चोरिसाला भिण्याचे कारण नाही. व्हिनेगरचा आंबटपणा आणि मीठ यांपुढे हा जंतू वाढत नाही, आणि अन्न चांगले उकळले की त्याचे विष नाश पावते. मात्र हवाबंद डबा फुगलेला असेल तर तो टाकून द्यावा.

हे विष करते काय? ते मज्जातंतूच्या टोकाला बसते आणि निरोप्याला घराबाहेर पडू देत नाही. निरोप नाही, म्हणून घाम नाही. स्नायूचा निरोप्याही हाच असल्यामुळे स्नायूजवळ गेले तर स्नायू ढिला पडतो. गुण आणि धोका हे दोन्ही एकाच मुळातून आलेले आहेत.

४. गुण किती, आणि किती दिवस?

काखेच्या घामावर ही सुई खरोखर चालते. 2001 साली युरोपात 320 रोग्यांवर झालेल्या प्रयोगात चार आठवड्यांनी विषाची सुई घेतलेल्यांपैकी 94 टक्क्यांचा घाम निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरला. औषधाविना नुसते पाणी टोचलेल्यांतही 36 टक्क्यांना तसाच उतार पडला. अमेरिकेच्या औषध खात्याने जुलै 2004 मध्ये काखेच्या तीव्र घामासाठी बोटॉक्सला मान्यता दिली, तीदेखील लेप लावून गुण न आलेल्या प्रौढांसाठी.

रीत अशी: प्रथम काखेला आयोडीन लावून वर पिष्ठ भुरभुरतात. जेथे घाम येतो तेथे काळेनिळे डाग उमटतात. मग बारीक सुईने एका काखेत 10 ते 15 ठिकाणी, कातडीच्या वरच्या थरात मिळून 50 एकके टोचतात. आठवड्याभरात उतार दिसू लागतो. पण मज्जातंतू हळूहळू पुन्हा जागा होतो, आणि सहा-सात महिन्यांनी, कोणाला त्याच्या थोडे आधी वा नंतर, घाम परततो. म्हणजे ही सुई रोग मुळापासून काढत नाही. भाताप्रमाणे तिची पेरणी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि दर वेळी खर्च येतो. कर्ज काढून ती घेण्याआधी हा हिशेब मांडावा.

५. धोके कोणते?

टोचल्या जागी दुखणे, रक्त साकळणे, क्वचित पू होणे, हे लहान धोके. काहींना काख कोरडी होऊन दुसरीकडे घाम वाढल्यासारखा वाटतो.

शेतकऱ्याला सर्वांत महत्त्वाचा धोका तळहाताचा आहे. तळहातासाठी या सुईला वरील मान्यता मिळालेली नाही, तरी काही तज्ज्ञ ती देतात. तेथे ती फार दुखते, म्हणून हात बधिर करावा लागतो, आणि विष शेजारच्या लहान स्नायूंत उतरून बोटांची पकड काही आठवडे ढिली पडू शकते. कचेरीत बसणाऱ्याला त्याने बटण लावायला अडचण होईल. पण नारळाच्या शेंड्यावर चढणाऱ्या पाडेल्याची पकड सुटली तर काय होईल? कोयता, पॉवर टिलर, गवत कापण्याचे यंत्र चालवणाऱ्याचे काय? म्हणून तळहाताची सुई घेण्यापूर्वी आपला धंदा डॉक्टरांना स्पष्ट सांगावा, आणि घेतलीच तर पकड पूर्ववत होईपर्यंत झाडावर चढू नये.

मोठा धोका विरळ आहे, पण प्राणघातक आहे. विष टोचलेल्या जागेपासून दूर पसरले तर काही तासांत, दिवसांत किंवा आठवड्यांतही गिळता येत नाही, आवाज बदलतो, पापण्या मिटतात, एकाचे दोन दिसतात, श्वास कोंडतो. अमेरिकेच्या औषध खात्याने 2009 साली या सर्व औषधांच्या माहितीपत्रकावर हा इशारा चौकटीत छापायला लावला. यांपैकी काहीही दिसले की घरी थांबू नये, तडक इस्पितळ गाठावे.

ज्यांना स्नायू दुर्बळ होण्याचा आजार आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजत आहेत, ज्यांच्या टोचायच्या जागी पू आहे, त्यांनी ही सुई टाळावी. जेंटामायसिनसारखी काही जंतुनाशके चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांनी विषाचा जोर वाढतो.

आणि सुई कोणाच्या हातची? 2024 साली अमेरिकेत नकली किंवा अयोग्य रीतीने दिलेल्या सुया घेऊन अनेक राज्यांतील लोक आजारी पडले. पुष्कळांनी त्या घरी किंवा सौंदर्यगृहात घेतल्या होत्या. तेव्हा स्वस्त मिळते म्हणून भलत्याच ठिकाणी जाऊ नये. कातडीच्या रोगांच्या शिकलेल्या डॉक्टरांकडेच जावे. कुपीवरचे नाव, मुदत आणि किती एकके दिली हे विचारून लिहून ठेवावे. एका छापाचे एकक दुसऱ्या छापाच्या एककाबरोबर नसते.

६. सुईआधी दुसरे इलाज

पहिली पायरी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या लेपाची. रात्री झोपताना अगदी कोरड्या कातडीवर लावावा, सकाळी धुवावा. आग झाली तर एक दिवसाआड लावावा. तळहात-तळपायांसाठी पाण्याच्या थाळ्यांतून सौम्य वीज सोडण्याचे यंत्र असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरावे. घरच्या विजेच्या तारा पाण्यात सोडण्याचा प्रयोग कोणीही करू नये, त्यात मरण आहे.

घाम सुकवणाऱ्या गोळ्याही मिळतात, पण त्या सर्वांगाचा घाम कमी करतात. सुई फक्त काखेपुरती असल्याने अंग थंड राहण्यात अडथळा येत नाही. गोळी घेऊन वैशाखाच्या उन्हात राबणाऱ्याला मात्र उष्माघात होऊ शकतो. घाम बंद, तोंड कोरडे, अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध, अशी स्थिती झाली तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे आणि 108 ला कळवावे. धोतऱ्याच्या बियांनी घाम सुकतो हे खरे, पण तेही विषच आहे. तो प्रयोग करू नये.

७. फवारणीचा घाम

आता तिसरी जात. काजूवरील ढेकण्या मारायला किंवा भाजीवर औषध मारून आलेल्या माणसाला एकाएकी दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, ओकारी, जुलाब, बुबुळांची छिद्रे टाचणीएवढी, स्नायू उडणे, श्वासाला घरघर, असे दिसले तर ते ऊन लागणे समजू नये. ती विषबाधा आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची औषधे निरोप्याला काम झाल्यावर नाहीसा होऊ देत नाहीत. तो दार ठोठावतच राहतो आणि ग्रंथी पाणी सोडतच राहतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक दगावले.

यावरही सुईच आहे, पण निराळी. तिचे नाव अ‍ॅट्रोपीन. ती ग्रंथीच्या दाराला आतून कडी घालते. तिची मात्रा रोग्याकडे क्षणोक्षणी पाहून ठरवतात, म्हणून ती इस्पितळातच द्यायची. तोवर आपण एवढे करावे: रोग्याला शेताबाहेर आणावे, भिजलेले कपडे काढावे, अंग साबणाने धुवावे, कुशीवर निजवावे, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर न्यावा. धुणाऱ्याने हातांत मोजे घालावे. बोटॉक्सच्या सुईचा विचार सावकाश, महिनाभर करता येतो. या घामाला मात्र एक मिनिटही थांबता येत नाही.

लक्षात ठेवा

कष्टाचा घाम रोग नव्हे. झोपेत थांबणारा तळहाताचा, काखेचा घाम हा त्रास आहे, त्याला इलाज आहे. झोपेतही येणारा घाम तपासणी मागतो. फवारणीनंतरचा घाम इस्पितळ मागतो. सुई ही पहिली पायरी नव्हे, आणि ती कायमचीही नव्हे.

कासारवर्णे, डिचोली, साखळी येथील सरकारी आरोग्य केंद्रांत प्रथम दाखवावे. जरूर पडल्यास तेथून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाकडे जाता येते. आणि घरात एखादे मूल हात लपवत असेल तर त्याला रागे भरू नका. शेजारी बसवा आणि हळूच विचारा, “बाळा, झोपेत तुझे हात कोरडे असतात काय?” इलाजाची सुरुवात या एका प्रश्नाने होते.