मोत्याचा बाप कोण? शिंपल्याची घडण व आनुवंशिकता

शिंपला म्हणजे समुद्राच्या पाण्यातून आपोआप बसलेला चुना, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. शिंपल्यास आतून लागून मऊ त्वचेची घडी असते. तिला प्रावार म्हणतात. पाण्यातील कॅल्शियम घेऊन हा प्रावारच शिंपला थराथराने रचतो. शिंपल्यात शेकडा सुमारे ९५ भाग कॅल्शियम कार्बोनेट असते. उरलेल्या अल्प भागातील प्रथिने स्फटिकांची मांडणी ठरवितात. आणि ही प्रथिने कशी व केव्हा तयार व्हावीत, हे आईबापांकडून आलेल्या जनुकांवर अवलंबून असते.

मोत्याच्या कालवात बाहेरचा थर कॅल्साइटचा, तर आतला चकाकणारा थर अ‍ॅरॅगोनाइटचा असतो. द्रव्य एकच, मांडणी निराळी. २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ‘पिफ’ नावाच्या जनुकाचे कार्य मंद करून पाहिले, तेव्हा चकाकणाऱ्या थराची वाढ बिघडली.

मोत्यांच्या लागवडीत या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. एका कालवाच्या प्रावाराचा लहान तुकडा शिंपल्याच्या मण्यासह दुसऱ्या कालवाच्या अंगात ठेवतात. तुकड्यातील पेशी वाढून मण्याभोवती पिशवी तयार होते व ती मण्यावर थर चढविते. रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधली, तर फळ हापूसचेच येते; येथेही तसेच घडते. मोत्याचा रंग व चमक यांवर तुकडा देणाऱ्या कालवाच्या जनुकांची छाप मोठी असते. जपानात पांढऱ्या शिंपल्याच्या निवडक पिढीतील तुकडे वापरले असता मोती अधिक पांढरे निघाले.

भारतात १९७३ मध्ये तुतिकोरिनजवळ याच पद्धतीने मोती तयार करण्यात आले.

मणी घातल्यापासून मोती काढीपर्यंत अनेक महिने लोटतात. निवडीतील चूक तोवर दिसत नाही. म्हणून तुकड्यासाठी आतून स्वच्छ, एकरंगी व चमकदार शिंपल्याचे निरोगी कालव निवडावे. मोजक्याच आईबापांपासून पिढ्यान्‌पिढ्या बीज घेऊ नये. त्याने वाण दुबळे होते. मात्र उत्तम काडीही रोगट खुंटावर फळत नाही. मणी धारण करणारे कालव सशक्त असावे, आणि त्यास स्वच्छ पाणी व पुरेसे अन्न मिळावे.