पट्टा आवळायच्या आधी ऐक

अगं, काल फोनवर तुझा आवाज केवढासा झाला होता! बाहेर रुग्णांची रांग आणि तुझ्या रक्त तपासायच्या मशीनवर नमुन्यांचा रॅक मधेच अडखळतोय. आधी घाबरणं थांबव. बघ, रॅक पुढे नेणारा दातेरी पट्टा सैलावला असेल.

खरं सांगू का, नवीन असताना मीही तोच पट्टा नाडी ओढावी तसा आवळला होता. थोड्याच दिवसांत पुलीचं बेअरिंग घरघरायला लागलं, मशीन बंद पडलं. खेड्यांतून आलेली माणसं रिपोर्टविना परत गेली, ते अजून मनाला लागतं. सैल पट्टा दात चुकवतो, रॅक जागेवर थांबत नाही, सुई नळीच्या काठावर आदळते. पण फार ताणलेला पट्टा मोटर आणि बेअरिंग दोन्ही खातो.

तुझ्या आईचं शिलाई मशीन आठव. हा दातेरी पट्टा 1940च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीनसाठीच निघाला, सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ चुकू नये म्हणून.

तर उद्या मशीन बंद कर, प्लगही काढ. हातमोजे घाल, रक्त सांडलेलं असू शकतं गं. टॉर्च धरून बघ: दात झिजलेत का, कडा उसवल्यात का, पुलीखाली काळी भुकटी पडलीय का. भुकटी दिसली तर पट्टा घासतोय. घाटाखाली तुमच्या खामगाव-मलकापूरकडे उन्हाळा आणि धूळ दोन्ही फार, म्हणून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दर आठवड्याला पूस. तेल नको. गिरणीच्या पट्ट्याला लावतात ती राळ तर मुळीच नको.

ताण किती हवा ते मशीनच्या पुस्तकात असतं, गिरणीचा अंदाज इथे चालत नाही. इंजिनिअर पट्टा छेडून त्याचा सूर मोजतात. तंबोऱ्याच्या तारेसारखंच आहे ते, ताण चौपट झाला की कंपनं दुप्पट होतात. तो आकडा त्यांच्याकडून वहीत लिहून घे. कंपनीचा करार चालू असेल तर स्क्रूला हातच लावू नकोस. नसेल तर फिरवण्याआधी त्याच्या जागेवर पेन्सिलची खूण कर.

आणि कपाटातला नवा पट्टा दुमडून ठेवलायस ना? काढ तो आधी. आतले काचतंतू मोडतात, वरून कळतही नाही. सैल गोल करून ठेव, नि उद्या भुकटी दिसली तर लगेच मला फोन कर.