मुलाने वाचायचे, घरच्यांनी ऐकायचे

पालकसभेत मी नेहमी सांगायचो, "मुलांना पुस्तके वाचून दाखवा." एकदा एक आई म्हणाली, "सर, मला कुठं वाचता येतंय?" तेव्हापासून माझे सांगणे उलटे झाले. मुलाने वाचावे, घरच्यांनी ऐकावे.

आपल्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास हजारो कोयते उसाच्या फडावर जातात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ असतात. रात्री आईचा फोन येतो. "जेवलास का?" "हो." "शाळेत गेलतास का?" "हो." झालं, संपलं बोलणं!

इथे मोठी, प्रकरणांची गोष्ट उपयोगी पडते. छोटी गोष्ट त्याच रात्री संपते, कादंबरीत उद्याचे काहीतरी शिल्लक राहते. भा. रा. भागवतांची 'जाईची नवलकहाणी' घ्या. लुइस कॅरॉलच्या 1865 सालच्या ॲलिसच्या गोष्टीचा हा मराठी अवतार. सशामागे धावलेली मुलगी बिळात पडते, कधी लहान होते, कधी मोठी. फोनवर अख्खे प्रकरण वाचू नये, दिवसभर ऊस तोडून आई थकलेली असते. एक पान वाचावे, बाकीचे तोंडी सांगावे आणि अडचणीच्या जागी थांबावे. अर्थ विचारू नये, तो आपला शाळेचा उद्योग.

माझ्या वर्गातली चौथीची एक मुलगी अशीच वाचत होती. ससा घड्याळ बघत पळतोय म्हटल्यावर शेजारून आजी म्हणाली, "त्याला बी मुकादमानं बोलावलं व्हय?" तिकडे कोपीत आई खूप दिवसांनी मोठ्याने हसली. दुसऱ्या रात्री फोन लागताच तिने आधी सशाचेच विचारले, जेवणाचे नंतर.