घर बदलणारी कोंबडी आणि तिच्यासोबत जाणारी मर

दसरा-दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. घरातल्या पाच-दहा गावरान कोंबड्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्या वेळी उभा राहतो. कोणी त्या आठवडी बाजारात विकतो, कोणी बहिणीकडे सांभाळायला ठेवतो, तर कोणी डालग्यात घालून गाडीवर सोबत नेतो. चार-पाच महिन्यांनी टोळ्या परतल्या की हाच फेरा उलटा होतो. या देवघेवीत आपले अनेक बांधव आहेत. कोणी गावोगाव फिरून कोंबडी व अंडी गोळा करतो, कोणाचे चिकनचे दुकान आहे. म्हणून या पानावर हा विषय आम्ही घेत आहोत.

कोंबडी घर बदलते तेव्हा तिच्या नाकातोंडातून, विष्ठेतून आणि पायाला चिकटलेल्या मातीतून रोगही घर बदलतो. आपल्याकडे सर्वात मोठे नुकसान मानमोडीने होते. सरकारी दवाखान्यात तिला राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात हा रोग प्रथम कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे ओळखला गेला. हिरवट पातळ विष्ठा, श्वासाला घरघर, मान वळणे, पंख-पाय लुळे पडणे ही तिची लक्षणे. लस न दिलेल्या खुराड्यात ती शिरली तर चार-सहा दिवसांत खुराडे रिकामे होते. मुख्य अडचण अशी की, रोग अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस, कधी दोन आठवडेही जातात. एवढ्या काळात कोंबडी दोन बाजार पाहून येते. म्हणजे "कोंबडी तर तजेलदार दिसत होती" ही सबब खरी असली, तरी ती खात्री नव्हे.

दुसरा रोग बर्ड फ्लू. देशात तो प्रथम आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी 2006 मध्ये आढळला. तेथे लाखो पक्षी मारावे लागले आणि राज्यभर चिकनचा धंदा बसला. जानेवारी 2021 मध्ये तो आपल्या दाराशी आला. परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे 800 कोंबड्या मेल्या, आणि आपल्या पाटोदा तालुक्यातील मुगगाव येथे कावळे मरून पडले. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला पुन्हा कावळे मेले. तिन्ही वेळा हंगाम थंडीचा होता हे ध्यानात घ्यावे. थंड, ओलसर विष्ठेत हा विषाणू बरेच दिवस टिकतो, आणि कोंबड्यांची ऊसतोडीच्या निमित्ताने होणारी उलाढालही त्याच सुमारास चालू असते. हा रोग माणसालाही होऊ शकतो. मात्र 70 अंशांपर्यंत नीट शिजलेल्या मांसात तो उरत नाही, त्यामुळे निरोगी कोंबडी व्यवस्थित शिजवून खाण्यास हरकत नाही. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळण्यात, कापण्यात, त्याची पिसे काढण्यात.

आता खरा मुद्दा. खुराड्यात दोन कोंबड्या मेल्या की तिसऱ्या दिवशी उरलेल्या आठ बाजारात जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. विकणारा म्हणतो, मरण्यापेक्षा निम्म्या भावात गेलेल्या बऱ्या. घेणाराही भाव पाहून ओळखतो आणि पुढच्या गावात पूर्ण भावाने विकतो. आम्ही कापडाच्या धंद्यातले. थानात डाग असेल तर घडी उलगडून तो गिऱ्हाइकाला दाखवावा लागतो. ऐब झाकून विकलेल्या मालात बरकत नाही, हे आपल्याला लहानपणीच शिकवले जाते. पण डागी कापडाने फार तर एका गिऱ्हाइकाचे नुकसान होते. आजारी कोंबडी घेणाऱ्याचे अख्खे खुराडे संपवते. आजारी उंटांच्या मालकाने आपली जनावरे दुसऱ्याच्या निरोगी जनावरांत आणू नयेत, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कोणी विचारतील की जिवंत असताना हलाल केली तर काय हरकत? मसला उलेमांना विचारावा. आम्ही फक्त एवढेच सांगतो की रक्त, पिसे आणि आतडी उकिरड्यावर पडली की कावळे-कुत्री तो रोग गावभर नेतात.

मग कोंबडी द्यायचीच असेल तर काय करावे? निदान तीन आठवडे आधी तयारी करावी. लासोटा लस पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, व चौथ्या आठवड्यात पुन्हा देतात. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी हे इंजेक्शन असते. मोठ्या कोंबडीला याआधी काहीच दिलेले नसेल तर एकदम आर-टू-बी टोचू नये, पशुवैद्यकाला विचारावे. लस दिल्यावर अंगात ताकद यायला सुमारे दोन आठवडे लागतात. बाजाराच्या आदल्या दिवशी दिलेली लस घेणाऱ्याच्या कामी येत नाही.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, घरात कोंबड्या दहा, आणि एकदा मिसळलेली लस दोन तासांच्या आत संपवावी लागते. यावर उपाय एकच. मोहल्ल्यातील दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवून बाटली मिळून आणावी. आणताना थर्मासमध्ये बर्फ हवा. उन्हात खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी.

नवी कोंबडी घरी आणणाऱ्याने तिला घरच्या कोंबड्यांपासून दूर, दुसऱ्या डालग्याखाली ठेवावे. तीस दिवस ठेवणे उत्तम, निदान तीन आठवडे तरी ठेवावेच. तिचे पाण्याचे भांडे वेगळे असावे. दाणापाणी आधी घरच्यांना घालावे, मग तिला, उलट नको. तिच्याकडून आल्यावर हात साबणाने धुवावेत. लस दिलेली कोंबडी स्वतः ठणठणीत राहूनही रोग वाहू शकते, म्हणून लसीवर विसंबून हा अवधी टाळू नये. बाजारातून न विकता परत आलेली कोंबडीही नवीच समजावी. हे लोक हमखास विसरतात.

फिरत्या व्यापाऱ्यासाठी वेगळे सांगणे आहे. आपली सायकल, डालगे व चपला रोज पन्नास खुराड्यांच्या दारात जातात. या दोन्ही रोगांच्या विषाणूंभोवती चरबीचे आवरण असते आणि ते साबणाने फुटते. मात्र विष्ठा चिकटलेली असताना वर ब्लीचिंगचे पाणी शिंपडणे व्यर्थ आहे. आधी खरवडावे, मग साबणाने घासावे, मग ब्लीचिंग आणि शेवटी कडक ऊन. बांबूच्या फटी पूर्ण साफ होत नाहीत, म्हणून जमेल त्याने प्लॅस्टिकचा क्रेट घ्यावा. खुराड्यात स्वतः शिरू नये. मालकाने कोंबडी बाहेर आणून द्यावी.

आणि एकाएकी बरेच पक्षी मेले तर? काही विकू नये, काही देऊ नये, मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवावे. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत जातात. 2009 च्या कायद्याप्रमाणे असे रोग कळवणे बंधनकारक आहे. सरकार सगळ्या कोंबड्या मारील या भीतीने लोक गप्प बसतात. त्यांनी हिशेब नीट पाहावा. 2021 मध्ये मारलेल्या मोठ्या अंड्यांवरच्या कोंबडीस 90 रुपये व मांसाच्या मोठ्या पक्ष्यास 70 रुपये भरपाई होती. गावरान कोंबडीचा बाजारभाव पाहता ही रक्कम थोडी आहे, हे आम्हालाही मान्य आहे. पण ती मिळते सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. कळवण्याआधीच मेलेल्या कोंबडीचा एक पैसाही मिळत नाही.