नेट गेलं? आधी चार प्रश्न विचारा

प्रोटोकॉल हा शब्द सिलॅबसमध्ये आला की झोप येते. पण मुदखेड-आदिलाबाद लाइनवरच्या आमच्या किनवट स्टेशनवर तो रोज पाळला जातो. पुढच्या स्टेशनकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी सोडत नाहीत. विचारायचं कसं, उत्तर काय द्यायचं, उत्तर नाही आलं तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असतं. प्रोटोकॉल म्हणजे एवढंच!

होस्टेलच्या नेटवर्कला लॅपटॉप जोडला की असेच चार निरोप जातात. लॅपटॉप ओरडतो, "कुणी पत्ता देता का?" डीएचसीपी सर्व्हर म्हणतो, "हा घे." लॅपटॉप म्हणतो, "हाच द्या." सर्व्हर म्हणतो, "दिला, पण ठरावीक वेळेपुरता." १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. गंमत अशी, की पहिली हाक सगळ्यांनाच ऐकू जाते आणि बहुतेक वेळा जो आधी उत्तर देईल त्याचंच ऐकलं जातं. म्हणून कुणी घरचा राउटर लॅन पोर्टमधून भिंतीच्या सॉकेटला लावला, तर अख्ख्या विंगला चुकीचे पत्ते मिळू शकतात. केबल ठीक, दिवे चालू, नेट मात्र बंद. आणि शिव्या ॲडमिन सरांना!

परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या रात्री असं झालं तर वर्षावर बेततं. तेव्हा क्रमाने बघा:

१. पोर्टचा दिवा लागतो का? नसेल तर केबल किंवा स्विच तपासा.

२. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो? म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही.

३. गेटवे नेहमीचाच आहे का? वेगळा असेल तर कुणाचा तरी राउटर मध्ये घुसलाय. नेहमीचा असेल तर त्याला पिंग करा. उत्तर आलं तर तिथपर्यंतचा रस्ता ठीक.

४. ८.८.८.८ ला पिंग लागतो, पण नावाने साइट उघडत नाही? मग संशय डीएनएसवर.

या नावांचाही कारभार असतो बरं का. 'डॉट इन' नावं सुरुवातीची अनेक वर्षं मुंबईत जुहूच्या एनसीएसटीकडे होती, २००५ पासून ती निक्सी बघते. २०१४ पासून तर देवनागरीत 'डॉट भारत'सुद्धा मिळतं.

तेव्हा तक्रार वहीत नुसतं "नेट गेलं" लिहू नका. चार उत्तरं लिहा. सरांचा अर्धा वेळ वाचेल, आणि आपला फॉर्मही!