आडांत असेल तेंच पोहऱ्यांत येईल

(शुद्ध अंतःकरणाविषयीं एक धडा)

शास्त्रपाठ : मार्क ७:१–२३, स्तोत्र ५१. मुखोद्गत करण्याचें वचन : मत्तय ५:८.

आपल्या खेड्यापाड्यांत एक म्हण लहानथोरांच्या तोंडीं आहे, ती ही कीं, आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? पोहरा घासून लख्ख केला, दोर नवा बांधला, कठड्यास चुना फासला, तरी आंत जें पाणी असेल तेंच वर येईल. मनुष्याच्या अंतःकरणाविषयीं प्रभु येशूनें जी शिकवण दिली ती ह्याच प्रकारची आहे. डोंगरावरील प्रवचनांत त्यानें शुद्ध अंतःकरणाच्या लोकांस धन्य म्हटलें, आणि देवाचें दर्शन त्यांस होईल असें अभिवचन दिलें. हें वचन आपणांपैकीं पुष्कळांस लहानपणापासून पाठ आहे. परंतु अशुद्धता येते कोठून, शुद्धता म्हणजे काय, ती कशी मिळते, आणि मिळाल्यावर तिची राखण कशी करावी, ह्या चार गोष्टींचा विचार आपण क्वचितच करितों. आज तो करूं.

१. अशुद्धता कोठून येते?

मार्काच्या सातव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांनीं व परूश्यांनीं प्रभूच्या कांहीं शिष्यांस न धुतलेल्या हातांनीं जेवितांना पाहिलें व त्यांस दोष लाविला. हें हात धुणें मळ जावा किंवा रोग होऊं नये म्हणून नव्हे, तर वडिलांच्या संप्रदायाप्रमाणें विटाळ जावा म्हणून असे. जेवणापूर्वीं हात स्वच्छ धुणें चांगलेंच आहे. त्याविरुद्ध प्रभु बोलत नाहीं. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, जें पोटांत जातें तें अंतःकरणांत जात नाहीं. मनुष्यास जें विटाळवितें तें त्याच्या आंतून बाहेर येतें. ह्याच ठिकाणीं त्यानें ‘कुर्बान’ ह्या चालीकडे बोट दाखविलें. एखाद्या मुलानें आपलें द्रव्य ‘कुर्बान’, म्हणजे देवास वाहिलेलें, असें म्हटलें, कीं म्हाताऱ्या आईबापांस पोसण्याच्या कर्तव्यांतून त्यास मोकळें समजत. ओंठांवर देवाचें नांव, आणि घरांत आई उपाशी! हात धुतलेले होते. अंतःकरण तसेंच राहिलें होतें.

पुढें एकविसाव्या व बाविसाव्या वचनांत प्रभूनें अंतःकरणांतून निघणाऱ्या तेरा वाईट गोष्टी मोजून दाखविल्या आहेत. त्यांत खून, चोरी व व्यभिचार हीं पापें आहेत. त्यांचें नांव ऐकतांच आपण कानांवर हात ठेवितों. परंतु त्याच रांगेंत लोभ, कपट, हेवा, निंदा व गर्व हींही उभीं आहेत. आणि ह्यांस मात्र आपल्या घरांत रोज बसावयास जागा मिळते.

बाह्य शुद्धीची ओढ किती बळकट असते, ह्याचें एक प्रामाणिक चित्र लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ ह्या आपल्या आत्मवृत्तांत काढिलें आहे. त्यांचे पति, कवि नारायण वामन टिळक, ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला. पुढें कांहीं वर्षांनीं बाई त्यांजपाशीं येऊन राहिल्या, तरी त्यांनीं आपलें सोवळें व आपलें अन्नपाणी निराळें ठेविलें. मग मनुष्यामनुष्यांतील जातिभेद देवानें केला कीं मनुष्यानें केला, ह्याचा त्यांनीं स्वतः विचार केला, आणि तें सोवळें आपल्याच हातानें सोडिलें. आपण हें वाचून म्हणतों, बरें झालें. पण थोडें थांबा. ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती नांव चालत आलें आहे, त्यांनीं आपल्या मनांतील सोवळें तपासून पाहिलें आहे काय? लग्नाची बोलणी निघाली म्हणजे ‘ते मूळचे कोण?’ हा प्रश्न अजून आपल्या घरांत हळूच विचारला जातो. प्रभूच्या मेजावर आपण एका भाकरीचे वांटेकरी, आणि घराच्या उंबरठ्यावर निरनिराळे! हा विटाळ पाण्यानें धुतला जाणार नाहीं. कारण तो हातांस लागलेला नाहीं.

२. शुद्धता म्हणजे काय?

शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेंत ‘शुद्ध’ ह्या अर्थीं ‘काथारोस’ हा शब्द आहे. तो स्वच्छ वस्त्रास लावीत. अरिमथाईच्या योसेफानें प्रभूचें शरीर ज्या तागाच्या वस्त्रांत गुंडाळिलें, त्याविषयीं मत्तयानें हाच शब्द घातला आहे. पण भूस उडवून साफ केलेल्या धान्यासही ग्रीक लोक तोच शब्द लावीत. शेतकऱ्यास हें फोड करून सांगावयास नको. मळणी झाली म्हणजे दाणा व भूस एकाच राशींत असतात. वारा पाहून उफणणी केली म्हणजे दाणा पायांशीं पडतो व भूस दूर उडून जातें. तर शुद्ध म्हणजे ज्यांत भेसळ नाहीं तें.

याकोबाच्या पत्रांत (४:८) अंतःकरणें शुद्ध करण्याची आज्ञा द्विबुद्धीच्या लोकांस केली आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आणि स्तोत्र ८६:११ ह्यांत भक्त आपलें चित्त एकाग्र व्हावें असें मागणें करितो. अर्धें मन देवाकडे आणि अर्धें लोकांच्या वाहवेकडे, हीच ती अशुद्धता होय. मंडळीस दान देणें चांगलें. परंतु आपलें नांव चार लोकांत पुकारलें जावें म्हणून दिलें, तर दाण्यांत भूस मिसळलें. आजाऱ्याच्या घरीं जाऊन प्रार्थना करणें चांगलें. परंतु बाहेर पडल्यावर त्या घरांतील उणींदुणीं शेजारीं सांगितलीं, तर दाण्यांत खडे मिसळले.

येथें कित्येक प्रामाणिक विश्वासणारे एका विचारानें खचून जातात. ते म्हणतात, ‘माझ्या मनांत वाईट कल्पना येतात, मग माझें अंतःकरण शुद्ध कसें असेल?’ त्यांनीं हें लक्षांत आणावें कीं, प्रभूसही अरण्यांत मोह झाला, तथापि त्यानें पाप केलें नाहीं. चोर दारावरून गेला, ह्यांत घरधन्याचा दोष नाहीं. त्यास कडी काढून आंत घेतलें, म्हणजे मात्र दोष लागतो.

३. ती कशी मिळते?

स्तोत्र ५१ ह्याच्या मथळ्यावरून तें दाविदाच्या मोठ्या पतनाच्या प्रसंगाचें आहे. ती हकीकत २ शमुवेल ११ व १२ ह्या अध्यायांत आहे. दाविदानें उरीयाची स्त्री घेतली, आणि तें पाप झांकावें म्हणून उरीयाच्याच हातीं त्याच्या मरणाचें पत्र यवाबाकडे पाठविलें. नाथान संदेष्टा आला तोंपर्यंत मूल जन्मास आलें होतें. म्हणजे कित्येक महिने राजा आपल्या आसनावर बसला होता, आणि तें पाप आंत पुरलेलें होतें. नाथानानें गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हां दाविदाचा राग भडकला. दुसऱ्याचें पाप त्यास तत्काळ दिसलें; स्वतःचें दिसावयास संदेष्ट्यास बोट दाखवावें लागलें.

मग त्यानें काय मागितलें? जुन्या अंतःकरणाची डागडुजी नव्हे, तर देवानें आपणांत शुद्ध अंतःकरण उत्पन्न करावें, असें. दहाव्या वचनांत जें इब्री क्रियापद आहे तेंच उत्पत्तीच्या पहिल्या वचनांत आकाश व पृथ्वी ह्यांच्या उत्पत्तीविषयीं आलें आहे. जें केवळ देवानेंच करावयाचें, तें दाविदानें त्याजपाशीं मागितलें. पेत्रही प्रेषितांचीं कृत्यें १५:९ ह्यांत असेंच सांगतो कीं, देवानें परराष्ट्रीयांचीं अंतःकरणें विश्वासाच्या योगें शुद्ध केलीं. तर मग आपलें काम कोणतें? १ योहान १:७–९ हीं वचनें वाचून पाहा. प्रकाशांत चालणें व पाप पदरीं घेणें, हें आपलें काम. धुण्याचें काम त्याचें. आपण झांकण धरून बसलों, तर तो आंत काय धुणार?

ह्या ठिकाणीं मला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमची व एका शेजाऱ्याची विहीर सामाईक होती. एका उन्हाळ्यांत पाण्याच्या पाळीवरून आमचें बिनसलें. माझ्या पाळीच्या दिवशीं त्यानें आपल्या उंसास पाणी दिलें, असा माझा दावा होता, आणि तो खराही होता. त्यानंतर दोन वर्षें आम्ही एकाच मंदिरांत उपासनेस बसत असूं, पण एकमेकांशीं बोलत नसूं. त्या काळांत मी उपासना चालवीत असें, आणि माझ्या प्रार्थनेंत कोणास कांहीं उणें दिसलें नसेल. एका रविवारीं प्रभुभोजनापूर्वीं मत्तय ५:२३–२४ हीं वचनें वाचण्याचें काम मजकडे आलें. देणगी वेदीजवळ ठेवून आधीं भावाकडे जाण्याची ती आज्ञा मोठ्यानें वाचतांना माझा आवाज अडखळला. त्या दिवशीं मीं भाकरी घेतली नाहीं.

संध्याकाळीं त्याच्या घरीं गेलों. मोठ्या मनानें त्यास क्षमा करावी, असा माझा बेत होता. त्यानें पाण्याचा तांब्या पुढें ठेविला आणि म्हटलें, “मास्तर, तुम्ही आलांत हें बरें झालें. पण त्याच्या आदल्या वर्षीं माझी पाळी दोन वेळां तुमच्या शेतांत गेली, आणि माझी मिरची वाळली. तें तुम्हांस ठाऊक आहे काय?” मला ठाऊक नव्हतें. घरीं येऊन थोरल्या मुलास विचारिलें, तेव्हां त्यानें मान खालीं घातली. पाणी त्यानें धरिलें होतें. आणि मीं कधीं चौकशी केली नव्हती. माझ्या मनाच्या वहींत शेजाऱ्याची एक चूक दिवसवारानिशीं लिहिलेली होती. आमच्या दोन चुकांची नोंदच नव्हती. मी पुनः त्याच्या दारीं गेलों. क्षमा करावयास निघालेला मनुष्य क्षमा मागून परत आला, आणि त्या रात्रीं पुष्कळ दिवसांनीं माझी प्रार्थना छपराच्या वर गेली असें मला वाटलें.

४. तिची राखण कशी करावी?

विहीर एकदां उपसली म्हणून ती जन्मभर निर्मळ राहत नाहीं. गाळ पुनः सांचतो, आणि तो वेळोवेळीं काढावा लागतो. परंतु गाळ निघाला म्हणजे बुजलेले झरे मोकळे होतात, हेंही आपण पाहतों. अंतःकरणाचें तसेंच आहे.

पहिली गोष्ट, रोजचा हिशेब रोज करावा. निजण्यापूर्वीं पांच मिनिटें शांत बसून दिवसभराचें बोलणें आठवावें. ज्या शब्दानें कोणाचें मन दुखावलें, तो शब्द देवापुढें नांव घेऊन सांगावा. ‘हे देवा, मी पापी आहें,’ एवढें मोघम म्हणणें सोपें आहे. ‘आज मीं सुनेस अमुक बोललें’ असें सासूनें म्हणणें कठीण आहे, पण त्यानेंच गाळ निघतो.

दुसरी गोष्ट, आंत काय घ्यावें ह्याची निवड करावी. ज्या गोष्टींचें मनन करावें, त्यांची यादी पौलानें फिलिप्पै ४:८ ह्यांत दिली आहे. चावडीवरच्या गप्पा असोत कीं हातांतील मोबाईल असो, जें तासन्‌तास आंत ओततों तेंच एके दिवशीं वर येईल.

तिसरी गोष्ट, घर रिकामें ठेवूं नये. मत्तय १२:४३–४५ ह्यांत झाडून पुसून रिकाम्या ठेविलेल्या घराचा दृष्टांत आहे. बाहेर गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात घेऊन तेथें परत आला. वैर काढिलें तर त्या जागीं प्रीतीचें कांहीं तरी काम ठेवावें. ज्याच्याशीं भांडण मिटलें, त्याच्या शेतांत एक दिवस हात लावावा. त्याच्या घरीं आजार असेल तर समाचारास जावें. शुद्ध अंतःकरणांतून निघणारी प्रीति हाच आज्ञेचा हेतु होय, असें पौल तीमथ्यास लिहितो (१ तीमथ्य १:५).

प्रिय वाचकहो, गढूळ पाण्यांत आकाश दिसत नाहीं. आकाश दूर गेलें म्हणून नव्हे, तर पाणी निर्मळ नाहीं म्हणून. पाणी निवळलें कीं त्याच आडांत डोकावणाऱ्यास वरचें आकाश दिसतें. देवाच्या दर्शनाचें जें अभिवचन आहे, त्याची पूर्णता पुढील लोकीं आहे. पण त्याचा आरंभ येथेंच, आपल्या घरीं व आपल्या शेताच्या बांधावर होतो.

मनन करण्यासाठीं प्रश्न

१. लोभ, कपट, हेवा, निंदा व गर्व, ह्यांपैकीं कोणतें पाप माझ्या घरांत पाप म्हणून गणलें जात नाहीं?

२. लग्नकार्यांत व जेवणावळींत मी कोणास मनांतून दूर ठेवितों?

३. माझ्या मनाच्या वहींत कोणाची चूक लिहिलेली आहे, आणि त्याच पानावर माझी कोणती चूक लिहावयाची राहिली आहे?

४. येत्या प्रभुभोजनापूर्वीं मला कोणाच्या दारीं गेलें पाहिजे?