ब्रेकची कुरकुर

यंत्रे मुकी असतात असे आपण म्हणतो. पण ते सर्वस्वी खरे नव्हे. बैलगाडीची आस कोरडी पडली की ती करकरते, रहाट झिजला की तो कुरकुरतो आणि सायकलीचा ब्रेक बिघडला की तो किंचाळतो. हे आवाज म्हणजे यंत्राची गाऱ्हाणीच होत. ती नीट ऐकून घेणारा मनुष्य पुढचे संकट टाळू शकतो.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. तेथे चढउतारांना तोटा नाही. सातवीत शिकणाऱ्या एका मुलाला शाळेच्या वाटेवर असाच एक लांब उतार लागे. त्या वर्षी त्याला मामांची जुनी सायकल मिळाली. मामांनी ती १९९४ साली घेतली होती. सायकल मजबूत होती; परंतु पुढचा ब्रेक दाबताच अशी कर्णकटू किंकाळी उठे, की रस्त्यावरची माणसे वळून पाहत. शिवाय ब्रेकचे उजवे रबर सदैव चाकाच्या रिमला घासे आणि डावे मात्र दूर राही. मित्र हसू लागले, तेव्हा मुलाने शिवणयंत्राच्या तेलाची कुपी उचलली आणि पाना मागण्यासाठी तो जवळच्या सायकल-दुकानात गेला.

दुकानातील वृद्ध कारागिराने विचारले, “हे तेल कोठे घालणार आहेस, बाळ?”

“रिमला, काका. दाराची बिजागरी कुरकुरली की आई तेलच घालते.”

काकांनी कुपी त्याच्या हातून काढून घेतली. ते म्हणाले, “बिजागरीचे काम फिरणे, ब्रेकचे काम धरणे. रिमला तेल लावलेस तर आवाज जाईल खरा, पण त्याबरोबर ब्रेकही जाईल! मग उतारावर तुला कोण थांबवील?”

मुलगा वरमला. काकांनी त्याला जवळ बसवून ब्रेकची रचना दाखविली. चिमट्याच्या दोन्ही पायांवर एकेक खुंटी असते आणि तिच्यावर एकेक तरफ बसविलेली असते. मुठीजवळचा दांडा दाबला की मधली तार दोन्ही तरफांना एकदम ओढते आणि त्यांवरील रबरे रिमला दोन बाजूंनी आवळतात. दांडा सोडला की प्रत्येक तरफेची स्वतंत्र स्प्रिंग तिला मागे सारते. दोन्ही तरफा सारख्याच मागे सरल्या, तरच ब्रेक मधोमध राहतो. १९८० नंतरच्या कित्येक डोंगरी सायकलींना असेच ब्रेक असत.

“आता दोष शोधू,” काका म्हणाले. “पण प्रथम चाक पाहावे आणि मग ब्रेक. चाकच वाकडे असेल, तर ब्रेकला दोष देण्यात काय अर्थ?”

त्यांनी सायकल उचलून चाक फिरविले. चाकाला आऊट नव्हता. पण आस एका बाजूला नीट बसली नव्हती. नट सैल करून त्यांनी ती बसविली आणि नट पुन्हा घट्ट आवळले. तरीही उजवे रबर थोडे घासतच होते. मग तार सोडवून त्यांनी मुलाला दोन्ही तरफा हाताने हलवावयास सांगितले. डावी तरफ झटकन मागे आली, उजवी रेंगाळली. तिच्या खुंटीवर गंज चढला होता. काकांनी तरफ उतरवली, खुंटी घासून पुसली आणि तिला बोटाने किंचित ग्रीस लावले. “वंगण लागते ते येथे,” ते हसून म्हणाले. उजव्या तरफेच्या बाजूला एक लहानसा स्क्रू होता. तो पाव वळसा आवळताच तिची स्प्रिंग अधिक ताणली गेली. आता दोन्ही रबरे रिमपासून सारख्या अंतरावर राहिली.

“आणि किंकाळी, काका?”

“सारंगीवर गज फिरतो तेव्हा तो तारेला क्षणभर धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. त्यामुळे तार थरथरते आणि सूर निघतो. रबरही रिमला असेच धरते आणि सोडते. मग तरफ थरथरते आणि आवाज होतो.”

जुनी रबरे कडक होऊन चकाकत होती. काकांनी त्यांचा पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासला आणि रुतलेले धातूचे कण सुईने काढले. रिम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी केली. नंतर प्रत्येक रबराच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाच्या तुकड्याची घडी ठेवून त्यांनी दांडा दाबला आणि रबराचे नट आवळले. घडी काढल्यावर मागे सुमारे १ मिलिमीटर फट राहिली. त्यामुळे रबराचे पुढचे टोक रिमला प्रथम टेकू लागले आणि थरथर कमी झाली. रबर टायरला लागत नाही ना, हेही त्यांनी पाहिले. कारण तसे घासत राहिल्यास टायर फाटतो.

तार पुन्हा जोडून झाल्यावर मुलगा थेट उताराकडे निघाला. काकांनी त्याला थांबविले. “आधी मोकळ्या मैदानात, हळू चालवून पाहा. आणि हे ध्यानात ठेव, की वेग दुप्पट झाला, तर थांबण्यासाठी सुमारे चौपट अंतर लागते.”

मैदानात ब्रेक दाबताच सायकल सरळ आणि निमूटपणे थांबली. दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर अकस्मात एक शेळीचे करडू आडवे आले. मुलाने दोन्ही दांडे जपून आवळले. करडू उड्या मारीत निघून गेले आणि मुलगा पाय टेकून क्षणभर तसाच उभा राहिला. तेलाची ती कुपी त्याला आठवली.

गाऱ्हाणे करणाऱ्याचे तोंड बंद केल्याने गाऱ्हाण्याचे कारण नाहीसे होत नाही. ते कारण शोधून काढणे, हीच खरी दुरुस्ती होय.

अभ्यास

१. काकांनी मुलाच्या हातातील तेलाची कुपी का काढून घेतली?
२. ब्रेकआधी चाक तपासणे का आवश्यक होते?
३. ‘वंगण लागते ते येथे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील एखाद्या वस्तूच्या आवाजावरून तिचा दोष कसा ओळखता येतो, ते आठ-दहा ओळींत लिहा.